ओव्हरहेड वायर न ओढता उपनगरी गाड्यांचं डिझेल कसं सोडवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शहराच्या टर्मिनसपासून पहिले १५ किलोमीटर मुख्य मार्गाची ओव्हरहेड वायर आहे. पुढच्या ४५ किलोमीटरच्या उपनगरी फाट्यावर आज डिझेल गाड्या धावतात. दर तीन किलोमीटरला स्टेशन आहे आणि वाटेत कमी उंचीचे जुने पूल आहेत. संपूर्ण विद्युतीकरणाचा अंदाजपत्रकी आकडा पाहून सगळ्यांचे डोळे पांढरे झाले आहेत. कुणी म्हणतं हायड्रोजन आणा, कुणी म्हणतं बॅटरी, कुणी म्हणतं आहे त्या इंजिनात जैवइंधन भरा. यातलं खरं काय?

मी ट्रॅक्शनच्या, म्हणजे गाड्या ओढणाऱ्या यंत्रणेच्या कामात बरीच वर्षं आहे, त्यामुळे उत्तर आधी सांगतो आणि कारणं मागून. तुमच्यासारख्या मार्गावर संपूर्ण तारेला चालण्यासारखा पर्याय 'बिनतारी' नसतो, तो 'कमी तारेचा' असतो. गाडी बॅटरीची, पण ती बॅटरी भरायला मोजक्या ठिकाणी तार. हायड्रोजन या कामासाठी बहुतेक वेळा चुकीचं हत्यार आहे. जैवइंधन हा मधल्या काळाचा टेकू. आणि दर दहा मिनिटांनी गाडी सोडायची असेल तर हे सगळं बाजूला ठेवून सरळ तार ओढा, शेवटी तेच स्वस्त पडतं.

आता कारणं. तार महाग का पडते हे पाहिल्याशिवाय पर्यायांची चर्चा हवेतच राहते. खांब, तांब्याची तार आणि इन्सुलेटर यांचा खर्च ठरलेला असतो, तो फारसा फसवत नाही. फसवतात त्या तीन गोष्टी. तारेला डोक्यावर जागा मिळावी म्हणून पूल उचलणे किंवा रूळ खाली नेणे, ट्रॅक्शनच्या प्रवाहाने जुनी सिग्नल यंत्रणा गोंधळू नये म्हणून ती बदलणे, आणि वीज कंपनीकडून मोठ्या दाबाची जोडणी मिळवणे. पाच-सहा पूल आणि एक बोगदा मिळून निम्मं अंदाजपत्रक खाऊन टाकू शकतात. म्हणून कुणी 'प्रति किलोमीटर इतका खर्च' असा सरासरी आकडा पुढे केला की मी पहिल्यांदा त्याची किलोमीटरवार फोड मागतो. तुमचे महागडे किलोमीटर बहुधा चार-पाचच असतील आणि बाकीचे चाळीस अगदी साधे.

पुलांच्या बाबतीत तर पाडापाडी हा शेवटचा उपाय असतो. वेल्समध्ये कार्डिफजवळ एका पुलाखाली नेहमीच्या नियमाने २५ हजार व्होल्टच्या तारेला पुरेसं अंतर सुटत नव्हतं. पुलाच्या पोटाला विद्युतरोधक लेप दिला, दाबाचे झटके जमिनीत सोडणारे सर्ज अरेस्टर बसवले आणि पूल न पाडता तार खालून नेली. कार्डिफच्या उत्तरेकडच्या खोऱ्यांतल्या मार्गांवर त्याहून पुढची युक्ती आहे. जिथे पूल अडवतात तिथे तारेचा तेवढा तुकडा कायमचा अर्थ केलेला, म्हणजे वीज नसलेला ठेवतात, आणि गाडी तेवढं अंतर स्वतःच्या बॅटरीवर काढते. तारही आहे आणि पूलही शाबूत. ज्या मार्गावर पूलच खर्चाचं मूळ आहेत, तिथे हा पर्याय सगळ्यात आधी तपासावा असं माझं मत आहे.

आता तुमच्याच मार्गाचं गणित मांडू. सगळा निकाल त्यावर लागतो आणि ते पाठकोऱ्या कागदावर जमतं.

चार डब्यांची गाडी, प्रवाशांसकट १५० टन. तिला शून्यापासून ताशी १०० किलोमीटरपर्यंत न्यायला सुमारे १६ युनिट ऊर्जा लागते. (इथे युनिट म्हणजे आपल्या वीज बिलातलंच, एक किलोवॅट-तास.) दर तीन किलोमीटरला थांबा धरला तर ४५ किलोमीटरमध्ये १५ वेळा गाडी उठणार, म्हणजे २४० युनिट. रुळांचा आणि हवेचा विरोध ताशी १०० च्या आतल्या वेगांना किलोमीटरमागे दीड ते दोन युनिट, त्याचे साधारण ७५. कडक उन्हाळ्यात किंवा कडाक्याच्या थंडीत चार डब्यांचं वातानुकूलन १०० किलोवॅट ओढतं, पाऊण तासाच्या प्रवासात त्याचेही ७५. झाले ३९०. ब्रेक लावताना मोटर जनरेटर होते आणि उठतानाच्या २४० पैकी सुमारे निम्मी ऊर्जा बॅटरीत परत येते. उरले २७०. मोटर, इन्व्हर्टर आणि बॅटरीतलं नुकसान मिळवलं की एका बाजूच्या प्रवासाला सुमारे ३२० युनिट, जाऊन-येऊन ६४०.

यातल्या दोन गोष्टी नीट बघा. पहिली, उपनगरी गाडीचा मुख्य खर्च अंतराचा नसून वारंवार उठण्याचा आहे. म्हणून 'आमची गाडी एका चार्जमध्ये इतके किलोमीटर जाते' या वाक्याला थांबे किती हे सांगितल्याशिवाय काडीचा अर्थ नाही. दुसरी, कमाल वेग १०० ऐवजी १२० केला तर प्रत्येक वेळी उठायला १६ ऐवजी २३ युनिट लागतात. तीन किलोमीटरच्या अंतरात या जादा वेगाने वाचतात काही सेकंद, आणि उठायची ऊर्जा मात्र जवळपास दीडपट लागते. वेळापत्रक करणारे आणि ट्रॅक्शनवाले एका टेबलावर बसले नाहीत की असले निर्णय होतात.

आता बॅटरी किती मोठी? ६४० युनिट लागतात म्हणून ६४० ची बॅटरी घेतली तर पहिल्याच वर्षी गाडी मधेच बसेल. बॅटरी तळापासून गळ्यापर्यंत वापरली की लवकर मरते, म्हणून क्षमतेचा साधारण तीन-चतुर्थांश भागच वापरायचा. आयुष्याच्या शेवटी क्षमता २० टक्क्यांनी घटलेली धरायची. शिवाय सिग्नलला अर्धा तास अडकलेल्या गाडीतले दिवे आणि हवा चालू राहिली पाहिजे. हे सगळं धरलं की सुमारे १,२०० युनिटची बॅटरी लागते. थंड ठेवण्याची यंत्रणा आणि पेटीसकट तिचं वजन १० ते १२ टन होतं. ते वजन वाहायला पुन्हा ऊर्जा, धुऱ्यांवर पुन्हा भार.

पण दूरच्या टोकाला बॅटरी भरायची सोय केली की एका बाजूचे ३२० युनिटच सोबत न्यायचे. तेवढ्याला ६५० ची बॅटरी पुरते, वजन निम्म्यावर येतं. गाड्या घेताना वाचलेला पैसा त्या टोकाच्या चार्जिंगवर घातला तरी बहुतेक वेळा फायदाच राहतो. ही अदलाबदल न तपासता मोठ्या बॅटरीच्या गाड्या मागवणारे प्रकल्प मी पाहिले आहेत, आणि त्यामागे तांत्रिक कारण क्वचितच असतं. गाड्यांचा पैसा एका खात्याचा आणि रुळाकडेच्या कामाचा दुसऱ्या, एवढंच.

आता टोकाला चार्जिंग करायचं म्हणजे तिथे तारेचा छोटा तुकडा आणि खाली उभी गाडी, असं चित्र सगळ्यांच्या डोळ्यांपुढे येतं. इथे एक मेख आहे. गाडी धावत असते तेव्हा पेंटोग्राफ, म्हणजे टपावरून तारेला टेकणारा वीज घेणारा सांगाडा, तारेवर सरकत असतो, त्यामुळे मोठा प्रवाह ओढला तरी एकच जागा तापत नाही. उभ्या गाडीत तोच ठिपका तापत राहतो आणि तार नरम पडून तुटू शकते. म्हणून युरोपीय मानकांत उभ्या गाडीच्या प्रवाहावर मर्यादा आहे. एसी तारेवर एका पेंटोग्राफमागे ८० अँपिअर, १,५०० व्होल्ट डीसीवर ३०० आणि ३,००० व्होल्ट डीसीवर २००. हिशेब करा. २५ हजार व्होल्टवर दहा मिनिटांत ३३० युनिट भरतात, म्हणजे तुमचं काम जेमतेम होतं. १५ हजार व्होल्टवर २००. आणि १,५०० व्होल्ट डीसीवर फक्त ७५, ज्यात तुमची गाडी परत निघूच शकत नाही. डीसी तारेच्या जाळ्यात बॅटरी गाड्यांचं नियोजन करणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. उपाय आहेत. टोकाला तारेऐवजी जाड कडक पट्टी लावायची, दोन पेंटोग्राफ उचलायचे, किंवा सगळ्यात सोपं म्हणजे टोकाच्या स्टेशनाआधीच्या चार-पाच किलोमीटरवरच तार ओढायची. गाडी येताना, थांबलेली असताना आणि जाताना अशी तिन्ही वेळा भरून घेते, आणि स्टेशनातून उठण्याचे भारी युनिट बॅटरीऐवजी तारेतून जातात.

दहा मिनिटांत ३३० युनिट घ्यायला बॅटरीही तशीच लागते. ६५० च्या बॅटरीत २,००० किलोवॅटने भरणं म्हणजे तिच्या क्षमतेच्या तिप्पट दराने भरणं. लिथियम टायटनेट जातीची बॅटरी हे वर्षानुवर्षं सोसते आणि पेट घेण्याची शक्यताही तिच्यात कमी, पण त्याच वजनात ती ऊर्जा कमी साठवते आणि महाग पडते. इतर जातींच्या बॅटऱ्या हलक्या पडतात, पण असं धसमुसळं चार्जिंग त्यांना रोज मानवत नाही. टर्नराउंड, म्हणजे टोकाला थांबून परत निघायचा वेळ, दहाऐवजी पंधरा मिनिटांचा केला तर कधी कधी बॅटरीची जातच बदलता येते. त्यासाठी कदाचित एक रेक, म्हणजे एक पूर्ण गाडी, जादा लागेल. हेही गणितात घ्या.

हे सगळं कागदावरचं नाही. जपानमध्ये करासुयामा मार्गावर २०१४ पासून बॅटरी गाड्या धावतात. त्या मुख्य मार्गावर १,५०० व्होल्टच्या तारेखाली चालतात, फाट्यावर पेंटोग्राफ खाली घेऊन सुमारे २० किलोमीटर बॅटरीवर जातात आणि टोकाच्या स्टेशनात कडक पट्टीला पेंटोग्राफ लावून बॅटरी भरून घेतात. क्युशू बेटावर २०१६ पासून वाकामात्सु मार्गावर असाच प्रकार आहे, तिथे तार २० हजार व्होल्ट एसीची. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने ५५ बॅटरी गाड्या मागवल्या आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून त्या प्रवासी घेऊन धावू लागल्या. तिथे मोक्याच्या जागी तारेची छोटी बेटं उभारली आहेत. लिव्हरपूलच्या उपनगरी जाळ्यात गाडीला तारेऐवजी रुळांशेजारच्या तिसऱ्या रुळातून वीज मिळते. २०२३ मध्ये हेडबोल्ट लेनपर्यंत मार्ग वाढवताना तो तिसरा रूळ वाढवलाच नाही, शेवटचा टप्पा गाड्या बॅटरीवर काढतात. शिकागोच्या मेट्रा सेवेनेही २०२४ मध्ये दोन डब्यांच्या आठ बॅटरी गाड्यांची ऑर्डर दिली.

श्लेस्विग-होल्स्टाइनच्या गाडीबाबत एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. याच जातीच्या गाडीने चाचणीत एका चार्जवर २२४ किलोमीटर जाऊन विक्रम केला, पण नियोजनात धरलेला पल्ला आहे ८० किलोमीटर. यात फसवाफसवी काही नाही. विक्रम नव्या बॅटरीचा, रिकाम्या गाडीचा आणि चांगल्या हवेचा असतो. करार जुन्या बॅटरीचा, भरलेल्या गाडीचा आणि वर्षातल्या सगळ्यात वाईट दिवसाचा असतो. इंग्लंडमध्ये बॅटरीवर चालवायला घेतलेल्या एका जुन्या गाडीने २०२५ मध्ये ३२० किलोमीटरहून जास्त अंतर एका चार्जवर कापलं, आणि ती गाडी ज्या ग्रीनफर्ड फाट्यासाठी तयार केली तो आहे चार किलोमीटरचा!

ग्रीनफर्डची खरी गंमत पल्ल्यात नाहीच. तिथल्या वेस्ट इलिंग स्टेशनात रुळांमध्ये चार्जिंगच्या पट्ट्या बसवल्या आहेत. गाडी वर येऊन उभी राहिली तरच त्यांत वीज येते, साडेतीन मिनिटांत काम होतं आणि गाडी सुटते. रुळाकडेला एक मोठी बॅटरी ठेवली आहे. ती साध्या जोडणीतून हळूहळू भरत राहते आणि गाडी आली की भसकन रिकामी होते. वीज कंपनीकडून मोठी जोडणी मिळायला कित्येक वर्षं लागणार असतील तर ही रुळाकडेची बॅटरी फार कामाची वस्तू आहे. तिला वजनाची चिंता नाही, धक्क्यांची नाही, जागेचीही फारशी नाही. गाड्यांतून निवृत्त झालेल्या बॅटऱ्याही तिथे वापरता येतील.

आता हायड्रोजन. या विषयावर वाद खूप होतात, पण बेरीज-वजाबाकी करून पाहिली की वादाला फारशी जागा उरत नाही. पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढायला ५० ते ५५ युनिट वीज लागते, शिवाय तो दाबून टाकीत भरायला आणखी दोन-चार. त्या एका किलोत ३३ युनिट ऊर्जा असते आणि गाडीवरच्या फ्युएल सेलमधून (हायड्रोजनपासून वीज करणारं यंत्र) तिच्यातली निम्मीच वीज होऊन बाहेर येते, म्हणजे १६-१७ युनिट. तीन युनिट घालून एक हाती लागतं, तेही धड नाही. तारेतून किंवा बॅटरीतून त्याच तीनमधले दोन-सव्वादोन चाकापर्यंत पोहोचतात.

शिवाय फ्युएल सेलला झटक्यात जोर लावता येत नाही. उपनगरी गाडीला तर दर तीन किलोमीटरला झटकाच हवा असतो. म्हणून प्रत्येक हायड्रोजन गाडीत बॅटरी असतेच. ती उठताना जोर देते, ब्रेकची ऊर्जा साठवते, आणि फ्युएल सेल मागून संथपणे तिला भरत राहतो. एकदा बॅटरी आहेच म्हटल्यावर, ती भरायला तार जवळ असताना टाक्या, सेल आणि पंप कशाला, हा प्रश्न आपोआप येतो.

जर्मनीने हा अनुभव पैसे मोजून घेतला. लोअर सॅक्सनीत ब्रेमरफेर्डेच्या मार्गावर २०१८ मध्ये दोन हायड्रोजन गाड्या प्रवासी सेवेत आल्या, २०२२ मध्ये १४ गाड्यांचा ताफा सुरू झाला. पुढच्याच वर्षी त्या राज्याच्या रेल्वे प्राधिकरणाने जाहीर केलं की यापुढे डिझेलच्या जागी बॅटरी गाड्या घेणार, कारण चालवायला त्या स्वस्त. बाडेन-व्युर्टेमबर्गने २०२२ मध्ये आपल्या डिझेल मार्गांची तुलना करून हायड्रोजन वगळला. फ्रँकफर्टजवळ टाउनस भागात २७ हायड्रोजन गाड्यांचा ताफा २०२२ च्या डिसेंबरात सुरू करायचा होता, तिथे सुरुवातीचा बराच काळ बदली डिझेल गाड्या आणि बसवर निभावून न्यावं लागलं. टोरांटोच्या उपनगरी सेवेसाठी २०१८ मध्ये हायड्रोजनचा व्यवहार्यता अहवाल झाला, तंत्र शक्य आहे असं त्यात म्हटलं होतं. पुढे नियोजन मात्र तारेच्याच दिशेने गेलं.

मग हायड्रोजनला जागाच नाही का? आहे. २०२४ च्या मार्चमध्ये स्टॅडलर या गाड्या बांधणाऱ्या कंपनीच्या हायड्रोजन गाडीने अमेरिकेतल्या चाचणी मार्गावर एका टाकीत २,८०३ किलोमीटर अंतर कापलं. दोनशे-तीनशे किलोमीटर तारेचा पत्ता नाही, दिवसाला चार गाड्या, आसपास वीज जोडणी मिळण्याची शक्यता नाही, अशा मार्गाला हा पल्ला उपयोगी आहे. १५ किलोमीटर तार आधीच असलेल्या ४५ किलोमीटरच्या उपनगरी फाट्याला त्याचा उपयोग नाही.

'कमी प्रदूषण' हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? वर मांडलेल्या गाडीला डिझेल किलोमीटरमागे अडीच लिटरच्या आसपास लागेल, त्याचा कार्बन डायऑक्साइड सुमारे ६.७ किलो. बॅटरी गाडीला वाटेतलं नुकसान धरून आठ युनिट. ज्या जाळ्यात एका युनिटमागे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, अशा कोळशाच्या विजेवर त्याचे ५.६ किलो होतात. बचत आहे, पण ढोल वाजवण्याइतकी नाही. युनिटमागे २०० ग्रॅमच्या जाळ्यात तेच १.६ किलो. आणि त्याच ७०० ग्रॅमच्या विजेतून हायड्रोजन काढून गाडी चालवली तर किलोमीटरमागे १६ किलो, म्हणजे डिझेलच्या दुपटीहून जास्त! गाडीच्या टपातून नुसती वाफ निघते हे खरं, पण धूर दुसऱ्याच्या अंगणात गेलेला असतो. वाफेपासून आणि नैसर्गिक वायूपासून काढलेला स्वस्त हायड्रोजनही किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड मागे ठेवून येतो. वीज पुढे स्वच्छ होत जाईल हा युक्तिवाद बरोबर आहे, आणि गाडी तीस वर्षं चालायची असल्याने तो महत्त्वाचाही आहे. पण स्वच्छ वीज तुटपुंजी आहे तोवर ती तिप्पट उधळणं मला पटत नाही.

जैवइंधन आणि हायब्रिड डिझेलबद्दल थोडक्यात. टाकाऊ तेल आणि चरबीवर हायड्रोजनची प्रक्रिया करून केलेलं नवीकरणीय डिझेल बहुतेक आधुनिक इंजिनांत जवळपास जसंच्या तसं चालतं. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या मेट्रोलिंक सेवेने २०२२ मध्ये आपला ताफा त्यावर आणला. कच्चा माल खरोखर टाकाऊ असेल तर एकूण कार्बन खूप घटतो. पण स्टेशनातला धूर आणि नायट्रोजन ऑक्साइड बऱ्यापैकी तसेच राहतात, आणि तोच कच्चा माल विमानवालेही मागताहेत. हायब्रिडमध्ये डिझेल इंजिनाला छोटी बॅटरी जोडतात. जपानने २००७ मध्येच अशी गाडी प्रवासी सेवेत आणली होती. ब्रेकची ऊर्जा वाया जात नाही आणि स्टेशनात इंजिन बंद ठेवता येतं, ज्याने प्लॅटफॉर्मवर उभ्या माणसाला खराच फरक पडतो. आज हातात दहा-पंधरा वर्षं आयुष्य उरलेल्या डिझेल गाड्या असतील तर हे करा. नव्या गाड्या घेताना मात्र यात अडकू नका.

तिसरा रूळ हाही पर्याय सुचवला जातो, कारण त्याला पुलाची उंची आडवी येत नाही. पण ७५० व्होल्टवर प्रवाह प्रचंड, त्यामुळे दर काही किलोमीटरला सबस्टेशन लागतं, आणि रुळाशेजारी उघडी वीज ठेवायला सुरक्षा नियामक आता नाखूश असतात. मार्गावर फाटक असेल तर विषयच संपला. ट्रामसाठी रस्त्यात पुरलेले विजेचे पट्टे बोर्दो शहरात २००३ पासून आहेत, पण ते ट्रामच्या वेगाला आणि वजनाला. दीडशे टनांच्या गाडीला ते लावायच्या भानगडीत कुणी पडू नये.

आता बॅटरीची मर्यादा, जी विक्रेते स्वतःहून सांगत नाहीत. ती आहे गाड्यांची वारंवारता. तुमच्या ६० किलोमीटरवर एक फेरी, थांबण्याच्या वेळेसकट, दोन तास वीस मिनिटांची धरा. तासाला एक गाडी सोडायची तर तीन रेक पुरतात. दर दहा मिनिटांनी सोडायची तर चौदा लागतात. प्रत्येक रेकच्या टपावर किंवा पोटात सहा-सात टन बॅटरी, आणि ती गाडीच्या तीस वर्षांच्या आयुष्यात दोनदा तरी बदलायची. तारेचा खर्च गाड्या वाढल्या म्हणून फारसा वाढत नाही, बॅटरीचा प्रत्येक रेकमागे वाढतो. शिवाय तासाला सहा गाड्यांची भूक त्या १५ किलोमीटर तारेतून आणि टोकाच्या बेटातूनच भागवायची, म्हणजे तिथलं सबस्टेशनही मोठं. माझा ठोकताळा असा की अर्ध्या तासाला एक किंवा त्याहून विरळ गाड्या असतील तर बॅटरी निर्विवाद, पंधरा मिनिटांच्या आत आलात की संपूर्ण तार, आणि मधल्या पट्ट्यात बसून नीट हिशेब. कॅलिफोर्नियात कॅलट्रेनने सान फ्रान्सिस्को ते सान होजे या सुमारे ८० किलोमीटरच्या गजबजलेल्या पट्ट्यावर २०२४ मध्ये पूर्ण तार सुरू केली. त्यापुढे गिलरॉयकडे मोजक्याच गाड्या जातात आणि रूळ मालगाड्यांच्या कंपनीचे आहेत, तिथल्यासाठी चार डब्यांची बॅटरी गाडी मागवली. एकाच सेवेत दोन उत्तरं, आणि माझ्या मते दोन्ही बरोबर.

इंजिनाने ओढायच्या लांब, दुमजली डब्यांच्या गाड्या असतील तर बॅटरी इंजिनाच्या नादी लागू नका. ७०० टनांची गाडी ताशी १०० पर्यंत न्यायला एका दमात ७५ युनिट लागतात, आणि ब्रेकची ऊर्जा परत मिळते ती फक्त इंजिनाच्या चाकांतून, कारण डब्यांचे ब्रेक तिचं उष्णतेत रूपांतर करून टाकतात. तिथे नाकापेक्षा मोती जड होतो. आधी डब्याखाली मोटरी असलेल्या गाड्यांवर या, मग बॅटरीची भाषा.

आगीचा मुद्दा अग्निशमन दलासोबत पहिल्याच बैठकीत घ्या. बॅटरी बोगद्यात पेटली तर ती विझवण्यापेक्षा गाडी बाहेर काढणं महत्त्वाचं असतं, म्हणून बॅटरी दोन-तीन स्वतंत्र भागांत हवी आणि एक भाग तोडला तरी गाडी चालली पाहिजे. हायड्रोजनचा त्रास वेगळा. तो हलका असल्याने छताला साचतो, त्यामुळे जुन्या डेपोचं छप्पर, वायुवीजन आणि वरची विजेची फिटिंग्ज सगळंच बदलावं लागतं. हा खर्च गाडीच्या किमतीत कधीच दिसत नाही.

निविदा काढायची वेळ आली की पल्ला किलोमीटरमध्ये मागू नका. तुमचं वेळापत्रक, तुमचे चढ, सगळे थांबे, वर्षातलं टोकाचं तापमान, आयुष्याच्या शेवटची बॅटरी, आणि टोकाचं चार्जिंग एका फेरीपुरतं बंद पडलेलं, अशा दिवशी गाडी तारेपर्यंत परत येते का, हे सिम्युलेशनने दाखवा अशी अट घाला. बॅटरी बदलण्याची किंमत आजच करारात बांधून घ्या. आणि टोकाच्या सबस्टेशनसाठी वीज कंपनीकडे अर्ज गाड्यांच्या ऑर्डरच्या आधी करा. गाडी दोन-तीन वर्षांत बांधून येते, जोडणीला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. गाड्या येऊन डेपोत उभ्या आहेत आणि पलीकडच्या टोकाला वीज नाही, अशी पाळी आली तर रुळाकडेची बॅटरी आणि तिला पुरेल एवढी साधी जोडणी हा दुसरा मार्ग अर्जातच लिहून ठेवलेला असावा.